पान नंबर लिहिला का? प्रकल्प-प्रबंधात दुसऱ्याचं लिखाण कसं वापरायचं

मार्च लागला की आमच्या ग्रंथालयाच्या काउंटरवर एक ठरलेला संवाद होतो. सत्तर-ऐंशी पानांचा प्रकल्प डीटीपीवाल्याकडे टाइप होऊन पडलेला असतो, स्पायरल तेवढं लावायचं राहिलेलं असतं, आणि विद्यार्थी येऊन म्हणतो, "सर, संदर्भसूचीसाठी दहा-पंधरा पुस्तकांची नावं सांगा ना जी." म्हणजे भात शिजून झाला, आता तांदूळ कुठून आणला ते आठवायचंय.

मला हसू येतं, पण पोटभर हसता येत नाही. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल आहे, आणि या बाबतीत एकदा मीही तोंडावर पडलोय. माझ्या लघुशोधप्रबंधाचा विषय होता पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजार म्हणजे गावचा सारा वसूल करणारा जुना जमीनदार. दोनशे पानी रजिस्टर भरून नोंदी काढल्या होत्या. दीड वर्षानं लिहायला बसलो तेव्हा एका पानावर तलावातल्या गाळाविषयी फार नेमकं वाक्य सापडलं. आपल्याला हे कधी सुचलं, असं म्हणत खुशीत ते प्रकरणाच्या सुरुवातीला टाकलं. मार्गदर्शकांनी कच्चा खर्डा वाचताना तिथंच बोट ठेवलं. "हे तुमचं आहे?" मला छातीठोकपणे हो म्हणता येईना. पंधरा दिवस शोधल्यावर ते वाक्य एका गावच्या स्मरणिकेत निघालं. चोरायचं मनात नव्हतं. नोंदीत माझं कोणतं आणि पुस्तकाचं कोणतं, याचा पत्ताच नव्हता. म्हणून मी मुलांना सूचीपासून शिकवत नाही, वहीपासून शिकवतो.

आधी वही

पुस्तक हातात आलं की पहिलं पान वाचायच्या आधी शीर्षकपान आणि त्याच्या मागची बाजू उघडा. लेखक, संपादक किंवा अनुवादक, प्रकाशक, गाव, वर्ष आणि आवृत्ती हे सगळं तिथं छापलेलं असतं. ते वहीच्या पानावर सगळ्यात वर लिहा. मोबाइलनं फोटो काढणार असाल तर पहिला फोटो या दोन पानांचा, मग मजकुराचा. झेरॉक्सचंही तेच. रुपया-दोन रुपये जास्त जातील. पण पुस्तक परत गेल्यावर केवळ वर्ष पाहायला नागपूरची एसटी धरण्यापेक्षा ते परवडतं.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक पाहा. पुनर्मुद्रणात पानं सहसा तीच राहतात. दुसऱ्या आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो आणि पान क्रमांक सरकतात. जुन्या पुस्तकावर वर्ष शालिवाहन शकात दिलं असेल तर त्यात ७८ मिळवा: शके १८७२ म्हणजे १९५०-५१.

आता नोंदींकडे. मी तीन खुणा वापरतो. पुस्तकातले शब्द जसेच्या तसे उतरवले तर लाल पेनानं अवतरणचिन्हं, अगदी चारच शब्द असले तरी. लेखकाचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडलं तर समासात 'सा', म्हणजे सारांश. आणि वाचताना स्वतःला काही सुचलं तर 'स्व'. तिन्हींपुढे पान क्रमांक. हो, 'स्व'पुढेही, कारण कोणतं पान वाचताना ते सुचलं हे नंतर कामाला येतं. मजकूर दोन पानांवर पसरला असेल तर जिथं पान पालटतं तिथं तिरकी रेघ मारून ठेवा. पुढे त्यातलं अर्धंच वाक्य वापरलं तर कोणतं पान द्यायचं ते कळेल.

मागच्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, मोबाइलात फोटो आहे ना, मंग लिवून कायले ठेवायचं?" तिला तिच्याच मोबाइलमधले चारशे फोटो दाखवायला लावले. त्यात रोवणीचे होते, मावसबहिणीच्या लग्नाचे होते आणि अधूनमधून पुस्तकांची पानं. कोणत्या पुस्तकाची, ते तिलाही सांगता आलं नाही.

साधन पारखून घ्या

छापलेलं सगळं सारख्या वजनाचं नसतं. लोणार सरोवराचं वय घ्या. १९९० च्या दशकात थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीनं ते सुमारे ५२ हजार वर्षं निघालं आणि आपल्या लेखांत तोच आकडा रुळला. पुढे आर्गॉन कालमापनावर आधारलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. तुमच्या प्रकल्पात नुसता एक आकडा असेल तर वाचणाऱ्याला काय कळणार? 'अमुक पद्धतीनं, अमुक साली' हे सोबत आलं की त्या आकड्याला काही अर्थ येतो. संदर्भ देणं म्हणजे उपकार फेडणं, एवढंच मुलांना सांगितलं जातं. माझ्या मते त्याचं मोठं काम वाचणाऱ्याला पडताळणीची वाट दाखवणं हे आहे.

आपल्या भागात आणखी एक सापळा आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमधला 'चांदा जिल्हा' म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा नव्हे. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला. गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडाऱ्यात होता, वाशीम १ जुलै १९९८ पर्यंत अकोल्यात. जुन्या भंडारा जिल्ह्यातल्या तलावांची संख्या उचलून आजच्या भंडाऱ्याशेजारी ठेवली आणि 'तलाव घटले' असा निष्कर्ष काढला, असे प्रकल्प मी पाहिलेत. संदर्भ बिनचूक, पान क्रमांक बरोबर, आणि निष्कर्ष फसलेला. गॅझेटियर, जनगणना किंवा सेटलमेंट रिपोर्ट (जमीनमहसूल आकारणीचा अहवाल) वापरताना त्या वर्षीची जिल्ह्याची हद्द तळटीपेत एका ओळीत सांगून टाका.

विकिपीडिया वाचायला हरकत नाही, पण तिथं थांबू नका. लेखाच्या तळाशी दिलेल्या संदर्भापर्यंत जा आणि तो पाहून तोच द्या. मराठी विश्वकोश आता ऑनलाइन आहे. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, तेही लिहा. दुसऱ्याचे पीएच.डी. प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर मिळतात. ते आराखडा कळावा म्हणून चाळा, मूळ साधनांचा माग काढायला वापरा. त्यातली संदर्भसूची उचलून आपल्या प्रबंधाला चिकटवू नका. व्हायवाला परीक्षकानं सूचीतल्या अकराव्या पुस्तकाविषयी विचारलं की ती सूची उसनी आहे हे अर्ध्या मिनिटात उघडं पडतं.

चॅटजीपीटीसारख्या साधनाला संदर्भ मागण्याची नवी सवय लागली आहे. ते लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल आणि पान क्रमांकसुद्धा देतं, आणि कधीकधी त्या नावाचं पुस्तकच जगात नसतं. गेल्या हंगामात अशा तीन पुस्तकांसाठी मी स्वतः कपाटं धुंडाळली. जे पुस्तक किंवा निदान त्याचं स्कॅन डोळ्यांनी पाहिलं नाही ते सूचीत जाणार नाही, एवढा नियम पुरे.

उचलायचं कसं

एक नमुना पाहू. हा उतारा मीच रचलाय. समजा तो एखाद्या पुस्तकाच्या ४७ व्या पानावर आहे. (त्यातली पाळ म्हणजे तलावाचा बांध.)

"मालगुजारी तलावांवर धानाचे सिंचन होत असे, शिवाय मासेमारी, शिंगाडा आणि कमळकंद यांच्यावर गावातील अनेक कुटुंबांची गुजराण चाले. मालगुजारी संपुष्टात आल्यावर तलावांची मालकी शासनाकडे गेली, परंतु पाळीच्या देखभालीची जुनी सामूहिक व्यवस्था विस्कळीत झाली."

विद्यार्थी बहुधा याचं असं करतो:

मालगुजारी तळ्यांवर भातशेतीचे ओलीत होत होते. त्याशिवाय मच्छीमारी, शिंगाडे आणि कमळाचे कंद यांच्यावर गावामधील पुष्कळ घरांचा उदरनिर्वाह होई. मालगुजारी नष्ट झाल्यानंतर तलावांचा ताबा सरकारकडे गेला, पण पाळीच्या निगराणीची पूर्वीची सामुदायिक पद्धत कोलमडली.

सिंचनाचं ओलीत झालं, कुटुंबांची घरं झाली, 'परंतु'चा 'पण' झाला, पण वाक्यांचा सांगाडा आणि क्रम हे सगळं जागेवर आहे. याला तळटीप दिली तरी ते चुकीचंच. आपण म्हणतो 'माझ्या शब्दांत मांडलं', आणि शब्द तेवढे आपले, विचाराची चाल लेखकाची. असं होतं कारण पुस्तक समोर उघडं ठेवून लिहिलेलं असतं. पुस्तक मिटा. चहा घेऊन या. मग शेजारच्या माणसाला सांगावं तसं लेखकाचं म्हणणं दोन वाक्यांत लिहा, आणि त्यानंतरच उघडून ताडून पाहा.

आता जरा बरं रूप:

मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारजमा झाले, पण पाळ कोणी सांभाळायची याची घडी विस्कटली, असे लेखकाने नोंदवले आहे (पृ. ४७). लेखक ज्याला 'जुनी सामूहिक व्यवस्था' म्हणतो तिचे स्वरूप मात्र पुस्तकात स्पष्ट होत नाही. आमच्या गावात घेतलेल्या पाच मुलाखतींपैकी तिघांच्या मते ते काम स्वेच्छेचे नव्हते, मालगुजाराच्या धाकाचे होते.

इथं तीन गोष्टी पाहा. लेखकाचं म्हणणं कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं, ते कळतं. बांधीला, म्हणजे धानाच्या शेताच्या तुकड्याला, दोन्हीकडून धुरा (बांध) लागतो, तसा उसन्या मजकुरालाही. 'असे लेखकाने नोंदवले आहे' हा एक धुरा, पान क्रमांक हा दुसरा. अख्खा परिच्छेद लिहून शेवटी एकच आकडा टाकला तर शेवटचं वाक्य उसनं की सगळा परिच्छेद, हे वाचणारा कसं ओळखणार? दुसरं, तीनच शब्द जसेच्या तसे घेतलेत, आणि तेच घेतलेत ज्यांच्याविषयी काही म्हणायचंय. तिसरं, उसनं घेऊन विद्यार्थी पुढे सरकलाय, लेखकाशी थोडा भांडलाय. एका परिच्छेदात निम्म्याहून जास्त ओळी दुसऱ्याच्या असतील तर आपलं म्हणणं काय, ते आधी ठरवा.

सबंध उतारा कधी द्यायचा? शब्दच पुरावा असतात तेव्हा: कायद्याचं कलम, ओवी, जुना दस्तऐवज, एखाद्याची वादग्रस्त व्याख्या. चारेक ओळींपेक्षा मोठा असेल तर वेगळ्या परिच्छेदात, समास आत घेऊन. मधला भाग गाळला तर टिंबं, आपला शब्द घातला तर चौकोनी कंस. मुळात चूक असली तरी ती दुरुस्त करायची नाही.

ओव्यांचा संदर्भ पान क्रमांकानं देऊ नका. ग्रामगीता घरोघरी आहे, पण प्रत्येकाची आवृत्ती वेगळी. अध्याय आणि ओवी क्रमांक दिला की कोणालाही सापडते. लीळाचरित्राचं उलट आहे. संपादकागणिक पाठ आणि लीळांचे क्रमांक बदलतात, म्हणून वि. भि. कोलते यांची प्रत की शं. गो. तुळपुळे यांची, हे सांगितल्याशिवाय नुसत्या लीळा क्रमांकाला अर्थ नाही.

संदर्भ कशाला नको, हेही विचारतात. विदर्भ १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला, याला तळटीप लागत नाही. तो का आला, कोणाच्या दबावानं आला, याविषयी कोणाचं मत घेतलं की लागते.

इंग्रजीतून घेताना

या मुद्द्यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत आणला की तो आपला झाला, असं अनेकांना खरोखर वाटतं. मेहनत केली ना! मेहनत भाषांतराची केली, संशोधन त्या लेखकाचंच राहिलं. जसंच्या तसं भाषांतर केलं असेल तर अवतरणचिन्हात टाका आणि तळटीपेत 'अनुवाद प्रस्तुत लेखकाचा' असं लिहा. मशिनच्या भाषांतराची तर आणखी पंचाईत. तलावाच्या टँकचं ते पाण्याची टाकी करून टाकतं, आणि तशा दोन टाक्या मी एका प्रकल्पात वाचल्याही आहेत.

दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेल्या अवतरणाचंही तसंच. तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाविषयी लिहिताना बहुतेक जण रसेल आणि हिरालाल यांचा दाखला देतात, तोही कुठल्या तरी मराठी पुस्तकात वाचलेला. तुम्ही मराठी पुस्तकच पाहिलं असेल तर 'रसेल व हिरालाल, उद्धृत' असं म्हणून त्या मराठी पुस्तकाचं पान द्या. पण मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे त्यांचे १९१६ सालचे चार खंड इंटरनेटवर फुकट आहेत, कोहळींची नोंद तिसऱ्या खंडात आहे. मग मुळात जायला काय हरकत? गेलात तर एक गोष्ट दिसेल. इंग्रज अधिकारी जातींच्या स्वभावाविषयी सर्रास शेरे मारतो. ते माहिती म्हणून उतरवू नका, 'त्या काळच्या अधिकाऱ्याचं मत' म्हणून दाखवा. आणि स्वामित्वहक्काची मुदत संपली म्हणून संदर्भाची गरज संपत नाही. पहिली बाब कायद्याची, दुसरी अभ्यासाची.

माणसं आणि कागद

गावातल्या विषयावर पुस्तकं कमी, माणसं जास्त. म्हाताऱ्या माणसानं सांगितलेली गोष्टही संदर्भच असते. कोणी, कुठं, कोणत्या तारखेला, अंदाजे किती वयाचा, काय काम करणारा, हे त्याच दिवशी लिहा. रेकॉर्डिंग करण्याआधी विचारा आणि नाव छापू का तेही विचारा. जमिनीचा, जंगलाचा किंवा सावकारीचा विषय असेल तर मी नाव टाळायलाच सांगतो. 'मुलाखत ३, पुरुष, वय सुमारे ७५, शेतमजूर' असं चालतं. खरी नावं वेगळ्या कागदावर, तो कागद तुमच्या घरी.

बोली सुधारू नका. झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो. एका आजोबांनी सांगितलं होतं, "त्या सालीं तलावाची पार फुटली." डीटीपीवाल्यानं आपल्या मनानं 'पाळ' केलं. मुलानं ते परत 'पार' केलं, तर परीक्षकाला वडाचा पार आठवला. उपाय सोपा आहे: मुलाखतीत 'पार' ठेवा आणि तळटीपेत 'पार : पाळ, बंधारा' अशी ओळ द्या.

निस्तार पत्रक किंवा वाजिब-उल-अर्ज (गावकऱ्यांच्या चराई-जळणासारख्या हक्कांच्या आणि गावच्या रूढींच्या सरकारी नोंदी) पाहिलं असेल तर गाव, तालुका, कोणत्या कार्यालयात पाहिलं आणि नक्कल कोणत्या तारखेला मिळाली, हे लिहा. जुनी सरकारी कागदपत्रं नागपूरच्या विदर्भ अभिलेखागारात आहेत. तिथं फाइलचा पूर्ण क्रमांक उतरवल्याशिवाय उठू नका. वर्तमानपत्राला नाव आणि तारखेबरोबर आवृत्तीचं गाव हवं, कारण नागपूर आवृत्तीतली बातमी चंद्रपूरच्या अंकात असेलच असं नाही.

तळटीप आणि सूची

कोणती पद्धत वापरायची ते विभागाला विचारा. एमएलए, एपीए की आपली तळटीपांची, यात पवित्र काही नाही. एक धरली की शेवटपर्यंत तीच. मराठी प्रबंधात तळटीप साधारण अशी जाते: लेखकाचं नाव, पुस्तक, प्रकाशक, गाव, आवृत्ती, वर्ष, पृष्ठ. लागोपाठ तेच पुस्तक आलं तर 'तत्रैव', मध्ये दुसरं येऊन परत आलं तर 'उ. नि.' (आधी उल्लेखलेलं). या दोन शब्दांनी मला फार छळलंय. खर्डा दुरुस्त करताना मध्ये एक नवी तळटीप घुसते आणि खालचं 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतं. म्हणून शेवटच्या खर्ड्यापर्यंत आडनाव, वर्ष आणि पान एवढंच लिहीत राहा. 'तत्रैव' अगदी शेवटी करा. तळटीपेचे आकडे हातानं टाइप करायचे नाहीत. वर्डमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ एकत्र दाबलं की आकडा आपोआप पडतो आणि मध्ये भर घातली तरी क्रम सांभाळला जातो. डीटीपीवाल्याला हे सांगावं लागतं, नाहीतर तो आकडा छोटा करून वर चढवून ठेवतो.

सूची आडनावावरून अकारविल्हे. मराठी आणि इंग्रजी वेगळी, मुलाखती आणि कागदपत्रं वेगळी. वाचून सोडून दिलेली पुस्तकं यादी लांबवायला घालू नयेत.

टक्क्यांचं भूत

यूजीसीचे वाङ्मयचौर्याविषयीचे २०१८ चे नियम आल्यापासून सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आहे, 'टक्के'. प्रबंध सॉफ्टवेअरमधून तपासतात. दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सुधारून परत द्यायचं, त्याला जास्तीत जास्त सहा महिने. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. योग्य श्रेय दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीत धरत नाहीत.

मुलं याचा अर्थ '१० टक्के चोरी माफ' असा लावतात. अहवालातले टक्के हे जुळलेल्या शब्दांचे असतात. नऊ टक्क्यांत एक सबंध निष्कर्ष उचललेला असू शकतो आणि वीस टक्क्यांत नुसती कलमं आणि व्याख्या. अहवाल उघडून प्रत्येक रंगीत ओळ बघा आणि विचारा, याला धुरा आहे का?

मराठीत तर शून्य टक्के आले म्हणून पेढे वाटू नका. प्रबंध कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर सॉफ्टवेअरला ती नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती कशाशी जुळणार? सुरुवातीपासून युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. स्कॅनवरून मजकूर ओळखून घेतला असेल तर जोडाक्षरं आणि आकडे मूळ पानाशी ताडून पाहा. ३ आणि ६ ची अदलाबदल मी स्वतः पकडली आहे.

बायंडिंगच्या आदल्या दिवशी मी मुलांना दुपारभर बसवतो. एकानं आपल्या प्रबंधातल्या कुठल्याही दहा तळटीपा मोठ्यानं वाचायच्या, दुसऱ्यानं कपाटातून ते पुस्तक काढून पान उघडायचं. दहापैकी दोन चुकल्या तर सगळ्या तपासायच्या. यंदा एकीच्या नऊ बरोबर निघाल्या. दहाव्यात पान १२३ होतं आणि मजकूर १३२ वर. तिनं पेननं खाडाखोड न करता ते पान पुन्हा टाइप करून आणलं, चार रुपयांत.